एक यंत्र, सहा संगणक: वाचनालयातील लिनक्सवरच्या सामायिक छपाई-स्कॅनिंगचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयात जुलै २०२२ मध्ये हे काम सुरू झाले आणि त्यातील शेवटची दुरुस्ती २०२४ च्या अखेरीस झाली. वाचनालयाचे व गावाचे नाव आणि कोणाचीही ओळख पटेल असा तपशील येथे वगळला आहे. मी तेथील सभासद असून तांत्रिक मदत विनामूल्य करतो. निर्णय कार्यकारी मंडळाचे आणि ग्रंथपाल बाईंचे असले तरी त्यांतील बहुतेक माझ्या सल्ल्यावरून घेतले गेले, म्हणून ते का घेतले आणि त्यांतील कोणते पुढे फिरवावे लागले हे मीच मांडणे योग्य ठरेल.

वाचनालयात सहा संगणक आहेत. एक ग्रंथपाल बाईंच्या खोलीत, एक लिपिकांकडे, एक देवघेव विभागात आणि तीन अभ्यासिकेत. सर्वांवर डेबियन ११ ही लिनक्सची एक आवृत्ती बसवलेली होती. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामे करणारे एकच लेझर यंत्र होते. त्याला फक्त युएसबीची जोडणी होती, नेटवर्कची केबल लावण्याची जागा किंवा वायफाय नव्हते. यंत्र लिपिकांच्या टेबलावर, त्यांच्याच संगणकाला जोडलेले असे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पाठवायचे वार्षिक अहवाल, सभासदांना जाणारी स्मरणपत्रे आणि अभ्यासिकेतील मुलांची स्पर्धा परीक्षांची प्रवेशपत्रे ही छपाईची मुख्य कामे होती. त्याखेरीज जुन्या दाखलनोंद वह्यांची पाने स्कॅन करून ठेवण्याचा संकल्प बाईंनी त्याच वर्षी केला होता. त्या वह्यांचा कागद घडीवर तुटू लागला होता, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नव्हते.

नेमकी अडचण

ज्याला प्रिंट हवी तो पेनड्राइव्ह घेऊन लिपिकांकडे येई. लिपिक हातातले काम थांबवून पेनड्राइव्ह लावत, फाइल शोधत, प्रिंट काढत आणि पुन्हा आपल्या जमाखर्चाकडे वळत. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या टेबलापुढे मुलांची रांग लागे. लिपिक बँकेत गेले की त्यांचा संगणक बंद आणि छपाईही बंद. आणखी एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. त्यांच्या संगणकावरील डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये अनोळखी मुलांची प्रवेशपत्रे, जातीचे दाखले आणि आधार कार्डांच्या प्रती साठून राहिल्या होत्या. कोणी हेतुपुरस्सर ठेवल्या नव्हत्या. घाईत उघडलेल्या फाइली तशाच राहून गेल्या होत्या.

मंडळाने मागणी एका वाक्यात सांगितली: कोणत्याही संगणकावरून प्रिंट आणि कोणत्याही संगणकावरून स्कॅन. मी ती तशीच स्वीकारली. त्या वाक्यात दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, आणि या प्रकरणातील पुढचा बराचसा खटाटोप त्यामुळेच झाला.

विचारात घेतलेले पर्याय

नेटवर्कवर चालणारे नवे यंत्र घेणे हा सर्वांत सरळ मार्ग होता. अलीकडची अशी यंत्रे आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या पद्धतींनी छपाई आणि ईएससीएल या पद्धतीने स्कॅन देतात, त्यामुळे लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा कार्यक्रम, बसवावा लागत नाही. परंतु जुने यंत्र उत्तम चालत होते आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या खर्चाला जागा नव्हती.

दुसरा पर्याय एखादा लहान बोर्ड-संगणक घेऊन त्याला छपाईपुरता यजमान, म्हणजे यंत्र जोडून घेऊन इतरांना ते वापरू देणारा संगणक, करण्याचा होता. तो स्वस्त होता, विजेलाही हलका होता. पण त्याची सारी प्रणाली मेमरी कार्डावर असते आणि आमच्याकडे वीज दिवसातून केव्हाही जाते. कार्ड बिघडले तर गावात ते पुन्हा उभे करून देणारे कोणी नव्हते. म्हणून तो पर्याय सोडला.

राहिला तिसरा: यंत्र आहे तेथेच ठेवून लिपिकांचा संगणक यजमान करायचा आणि इतर पाच संगणकांना त्याच्यामार्फत छपाई व स्कॅनिंग द्यायचे. त्यांचा संगणक इन्व्हर्टरवर होता आणि यंत्र त्यालाच जोडलेले होते. आम्ही हाच मार्ग निवडला. त्यासाठी लिपिकांनी संगणक दिवसभर चालू ठेवणे गरजेचे होते, ते त्यांनी मान्य केले. यजमान कोणता असावा याचा विचार मी येथे केवळ यंत्राच्या सोयीने केला. माणसे कुठे उभी राहतात याचा विचार त्यात नव्हता.

प्रत्यक्ष काम: छपाई

लिनक्सवरील छपाईचा कारभार कप्स ही प्रणाली पाहते. ती आयपीपी या नियमाने ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या नेटवर्कवरील क्रमांकित दारावर) बोलते. यजमान संगणकावर यंत्राचा ड्रायव्हर बसवला. त्याच्यासोबत निर्मात्याचा एक बंदिस्त (ज्याची आतली रचना खुली नसते असा) पूरक संच घ्यावा लागला, कारण त्याविना हे यंत्र छापतच नव्हते. मग कप्समध्ये प्रिंटरसाठी कामांची रांग तयार करून ती सामायिक केली, राऊटरमध्ये यजमानाचा पत्ता कायमचा राखून ठेवला आणि इतर संगणकांवर त्याच पत्त्याने ‘एव्हरीव्हेअर’ प्रकारची रांग जोडली. या रचनेत बंदिस्त संच एकाच संगणकावर लागतो. बाकीचे संगणक पान पाठवतात आणि त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर यजमान करतो, त्यामुळे पाच ठिकाणी ड्रायव्हर बसवण्याचे काम वाचले.

अभ्यासिकेतील तीन संगणक तोवर पाहुण्यांसाठीच्या वायफायवर होते. सामायिक प्रिंटर आपोआप दिसावेत म्हणून अवाही ही सेवा जी आरोळी देते ती एका जाळ्यातून (नेटवर्कमधून) दुसऱ्या जाळ्यात जात नाही, म्हणून त्यांना प्रिंटर दिसेना. दोन्ही जाळी एकत्र करणे सोपे होते, पण मग मुलांचे फोनही कार्यालयाच्या जाळ्यात आले असते. त्याऐवजी तिन्ही संगणकांना केबल ओढून ते कार्यालयीन जाळ्यात घेतले आणि फोन पाहुण्यांच्या वायफायवरच ठेवले. केबल ओढण्यात एक रविवार गेला, पण हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

पहिल्या आठवड्यात वार्षिक अहवालाचा तक्ता छापला तेव्हा ‘एकूण’ ही शेवटची ओळच गायब होती. फाइलमध्ये ती दिसत होती, कागदावर नव्हती. यजमान संगणक अमेरिकी इंग्रजी निवडून बसवलेला असल्याने रांगेचा कागद ‘लेटर’ मापाचा धरला गेला होता. लेटर कागद २७९ मिलिमीटर उंच असतो, ए-४ हा २९७ मिलिमीटर. या १८ मिलिमीटरांत आमची बेरीज हरवली होती. यजमानावर आणि प्रत्येक संगणकावर कागदाचे मूळ माप ए-४ केल्यावर प्रश्न सुटला. अहवाल पाठवण्यापूर्वी लिपिकांनी तो बोट ठेवून तपासला नसता तर तो तसाच जिल्ह्याला गेला असता.

त्याहून मोठी अडचण विजेची होती. लेझर यंत्रातील फ्यूजर शाई कागदावर पक्की करण्यासाठी तापतो आणि त्या क्षणी बरीच वीज ओढतो, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर घेतलेले नव्हते. परिणामी वीज गेली की यंत्र बंद पडे, पण यजमान संगणक चालूच राही. प्रिंट गेली नाही हे पाहून कप्स रांग थांबवत असे, आणि वीज परतल्यावरही ती रांग कोणी हाताने सुरू करेपर्यंत थांबलेलीच राही. दरम्यान अभ्यासिकेतील मूल पुन्हा पुन्हा छपाईचे बटण दाबत असे. एका संध्याकाळी लिपिकांनी रांग सुरू केली तेव्हा एकच प्रवेशपत्र सात वेळा बाहेर आले, आणि ते ज्याचे होते तो मुलगा केव्हाच बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मोकळा झाला होता.

रांगेचे चूक-धोरण ‘प्रिंटर थांबवा’ असे होते. ते बदलून ‘काम पुन्हा करून पहा’ असे केले. मात्र त्यामुळे वीज आल्यावर जुनी, आता कोणाला नको असलेली पाने आपोआप छापली जाऊ लागली. म्हणून वाचनालय उघडताना यजमानावर अडकलेली सर्व कामे रद्द करण्याची एक आज्ञा लिपिकांच्या संगणकाच्या पडद्यावर चिन्ह करून ठेवली. ही सोय ओबडधोबड आहे, पण टिकली आहे.

प्रत्यक्ष काम: स्कॅनर

छपाई एका दुपारी उभी राहिली. स्कॅनरला नऊ दिवस लागले. लिनक्सवर स्कॅनरचा कारभार सेन ही प्रणाली पाहते आणि नेटवर्कवरून तो देण्यासाठी यजमानावर सेनडी ही सेवा ६५६६ या पोर्टवर चालते. ज्या संगणकांना परवानगी द्यायची त्यांचे पत्ते यजमानावरील सेनडीच्या मांडणीत लिहायचे आणि दुसऱ्या टोकाला यजमानाचा पत्ता लिहायचा, इतके हे कागदावर सोपे आहे.

पहिला अडथळा असा होता की यजमानावर लिपिकांच्या खात्यातून स्कॅनर दिसत होता, पण बाईंच्या संगणकावर यादी रिकामी येत होती. मी दोन दिवस नेटवर्क तपासत बसलो. शेवटी यजमानावरच, सेनडी ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याच्या नावाने स्कॅनरची यादी मागितली, तर तीही रिकामी. म्हणजे प्रश्न नेटवर्कचा नव्हताच. यंत्राच्या युएसबी जोडणीचा ताबा ‘एलपी’ या गटाकडे होता आणि सेनडीचा वापरकर्ता त्या गटात नव्हता. त्याला गटात घेताच यादी भरली. ही तपासणी मी सर्वांत आधी करायला हवी होती. जो वापरकर्ता प्रत्यक्ष काम करणार आहे त्याच्या नजरेने पाहिल्याशिवाय ‘यजमानावर चालते’ या म्हणण्याला अर्थ नसतो.

दुसरा अडथळा अधिक फसवा होता. बाईंना आता स्कॅनर यादीत दिसे, स्कॅनचे बटण दाबल्यावर यंत्राचा दिवाही सरके, पण चित्र येत नसे आणि थोड्या वेळाने चूक दाखवून कार्यक्रम थांबे. सेनडी बोलणी ६५६६ वर करते, परंतु चित्राचा मजकूर पाठवताना दर वेळी वेगळेच पोर्ट उघडते. यजमानाच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या व्यवस्थेत) आम्ही फक्त ६५६६ मोकळे केले होते. सेनडीच्या मांडणीत चित्रासाठीच्या पोर्टांची मर्यादा १०,००० ते १०,१०० अशी ठरवून दिली आणि तेवढीच पोर्टे कार्यालयीन जाळ्यातील ठरावीक पत्त्यांना उघडली. त्याच संध्याकाळी बाईंनी आपल्या खोलीतून दाखलनोंद वहीचे पहिले पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले, आणि आम्ही सर्वांनी काम पूर्ण झाल्याचे मानले.

काचेवर राहिलेले आधार कार्ड

ऑक्टोबर २०२२ मध्ये बाईंनी वहीचे पान काचेवर ठेवण्यापूर्वी खोलीतून नुसता पूर्वदृश्याचा (प्रिव्ह्यूचा) आदेश दिला, तर पडद्यावर एका मुलीचे आधार कार्ड उमटले. ती झेरॉक्स काढून कार्ड काचेवरच विसरली होती. बाईंनी ते लगेच परत केले, पण मला वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. त्या वेळी सहाही संगणकांना स्कॅनची परवानगी होती. अभ्यासिकेत बसलेल्या कोणालाही खुर्चीवरून न उठता काचेवर विसरलेला कोणाचाही कागद पाहता आला असता. सेनडीवरून जाणारा मजकूर सांकेतिक स्वरूपातही नसतो.

त्या दिवशी छपाई आणि स्कॅनिंग यांतला फरक मला नीट कळला. छपाईत मजकूर माणसाकडून यंत्राकडे जातो आणि माणूस नंतर सावकाश जाऊन कागद उचलू शकतो. स्कॅनिंगमध्ये माणसाला आधी यंत्रापाशी जाऊन कागद ठेवावाच लागतो, आणि दुसरे पान ठेवायला पुन्हा यावे लागते. मी नंतर एक सकाळ केवळ पाहत बसलो. बाई वही घेऊन खोलीतून लिपिकांच्या टेबलाकडे येत, पान ठेवत, खोलीत परत जाऊन बटण दाबत, पुन्हा येऊन पान उलटत. शेवटी त्या शिपाईमामांना यंत्रापाशी उभे करत आणि खोलीतून “मामा, उलटा” असे सांगत. स्कॅनर कुठूनही दिल्याने कोणाचीही पायपीट कमी झाली नव्हती.

तीन मार्ग पुढे आले. झाकण उघडे ठेवण्याची शिस्त लावावी, हा पहिला; तो माणसांच्या आठवणीवर अवलंबून होता. स्कॅनिंग सर्वस्वी बंद करावे, हा दुसरा. पण बाईंचे वह्यांचे काम निम्म्यावर होते. तूर्त तिसरा स्वीकारला: अभ्यासिकेची व देवघेवीची परवानगी काढून फक्त बाईंच्या संगणकाला ठेवली. तरीही एक कटकट उरली. बाईंचा स्कॅनचा कार्यक्रम उघडा राहिला की यंत्र त्यांच्या नावावर अडकून राही आणि लिपिकांना ‘साधन व्यस्त’ असे उत्तर मिळे.

यजमान बदलला

जून २०२३ मध्ये डेबियन १२ आले. ऑगस्टमधील सुट्टीत आम्ही संगणक त्यावर नेले आणि त्याच सुट्टीत यंत्र लिपिकांच्या टेबलावरून उचलून देवघेवीच्या टेबलाशेजारी ठेवले. देवघेवीचा संगणक नवा यजमान झाला. वाचनालय उघडे असेपर्यंत तेथे कोणीतरी बसलेलेच असते, आणि यंत्रापाशी उभ्या माणसाला पडदा दिसतो. स्कॅन आता तेथेच, त्याच संगणकावर होते. बाईंच्या वह्यांची पाने तारखेच्या फोल्डरमध्ये पडतात आणि तो फोल्डर त्यांना खोलीतून उघडता येतो. मुलांचे स्कॅन त्यांच्याच पेनड्राइव्हवर देऊन संगणकावरून पुसले जातात. सेनडी बंद केली. दुपारी वाचनालय बंद असते तेव्हा बाई देवघेवीच्या खुर्चीत बसून हाताने पान उलटतात आणि त्याच हाताने बटण दाबतात.

मात्र दोन बदल एकाच दिवशी केल्याची किंमत मोजावी लागली. दुसऱ्या दिवशी छपाईच होईना; प्रत्येक काम ‘फिल्टर अयशस्वी’ या अर्थाच्या संदेशावर थांबत होते. आम्ही जागा बदलल्यामुळे केबलवर, मग युएसबीच्या खाचेवर संशय घेतला आणि त्यात दिवस गेला. खरे कारण ड्रायव्हर आणि निर्मात्याचा बंदिस्त संच यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, हे होते. ड्रायव्हर नव्या डेबियनसोबत आला होता आणि संच आम्ही जुन्या संगणकावरून जपून आणलेला होता. हा संच ड्रायव्हरच्या अगदी त्याच आवृत्तीचा लागतो. योग्य संच घेतल्यावर दहा मिनिटांत छपाई सुरू झाली.

नवा यजमान उभारताना आणखी एक गोष्ट बदलली. कप्स छापून झालेल्या कामांच्या फाइली पुन्हा छापता याव्यात म्हणून मुळात ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस, जपून ठेवते. लिपिकांच्या डाउनलोड्समधील दाखल्यांबद्दल मी बोललो होतो, पण त्याच दाखल्यांच्या प्रती कप्सच्या साठ्यात दिवसभर राहत होत्या, हे मी वर्षभर पाहिले नव्हते. ते जपणे बंद केले. आता कागद अडकून पान खराब झाले तर मुलाला पुन्हा आपल्या जागेवर जाऊन प्रिंट द्यावी लागते. त्याबद्दल तक्रारी आल्या. मंडळाने निर्णय कायम ठेवला.

सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड या सोबतच्या सेवेतील गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. ही सेवा ६३१ या पोर्टवर कोणीही पाठवलेला संदेश ऐकून घेत असे, आणि त्यातून खोटा प्रिंटर जोडला जाऊन त्यावर प्रिंट दिली की परकी आज्ञा चालवली जाण्याची शक्यता होती. आमच्या रांगा पत्ता लिहून जोडलेल्या असल्याने या सेवेची आम्हाला गरजच नव्हती. सहाही संगणकांवरून ती काढून टाकली. छपाईत काही फरक पडला नाही.

परिणाम

छपाईसाठी लिपिकांकडे जाणे पूर्ण थांबले आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुले आपापल्या जागेवरून प्रिंट देतात आणि देवघेवीत पैसे भरून कागद घेतात. दाखलनोंद वह्यांचे काम बाई खोलीतून करत होत्या तेव्हापेक्षा कितीतरी वेगाने पुढे गेले. फोनवरून थेट प्रिंट देण्याची मागणी मात्र अपूर्णच आहे, कारण फोन वेगळ्या जाळ्यात ठेवण्याचा निर्णय आम्ही बदललेला नाही.

वेगळे काय करता आले असते

नेटवर्कवरील स्कॅनिंगवर घालवलेले नऊ दिवस आणि त्यानंतरचे वर्ष वाचवता आले असते. त्यासाठी जी एक सकाळ मी ऑक्टोबरमध्ये पाहत बसलो ती जुलैमध्येच पाहायला हवी होती. ‘कुठूनही स्कॅन’ म्हणजे काय हवे आहे, असे बाईंना विचारले असते तर त्यांनी ‘पाने माझ्या संगणकावर यायला हवीत’ असेच सांगितले असते, आणि त्यासाठी एक सामायिक फोल्डर पुरेसा होता. जेथे स्कॅनरला कागदांची थप्पी आपोआप ओढून घेण्याची सोय आहे, तेथे दुरून स्कॅन करण्याला अर्थ असू शकतो. आमच्या काचेला ती सोय नव्हती.

परवानग्याही उलट्या क्रमाने द्यायला हव्या होत्या. आधी एका संगणकाला स्कॅन देऊन, महिनाभर पाहून मग इतरांचा विचार केला असता, तर त्या मुलीचे कार्ड सहा पडद्यांच्या आवाक्यात राहिले नसते.

जुने यंत्र अजून चालते, पण त्याचा बंदिस्त संच दर मोठ्या बदलात आम्हाला अडवेल, हे मंडळाने मान्य केले असून नव्या यंत्रासाठी तरतूद केली आहे. दुकानात पेनड्राइव्हवरून चालणारे डेबियन असलेला लॅपटॉप न्यायचा, कोणताही संच न घेता ए-४ पानावर मराठी मजकूर छापून आणि एक पान स्कॅन करून पाहायचे आणि मगच पैसे द्यायचे, असे ठरले आहे. अटींची यादी मी तयार करत होतो, तेव्हा बाईंनी कागद आपल्याकडे ओढून पहिली ओळ स्वतः लिहिली: यंत्र देवघेवीच्या टेबलाशेजारी मावले पाहिजे.